मॉरिशस, ऑगस्टअखेर: आईची ऋषिपंचमी, बाबांची जाखडी आणि आठ रात्री. आखणीला मदत हवी

चिपळूणची_मीनल | १८ मे २०२५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

ऑगस्टमध्ये मॉरिशसला जायचं ठरलंय. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि माझे आईबाबा. आई ६६, बाबा ७१. बाबा एसटीत वाहक होते. उभा जन्म लोकांच्या प्रवासाची तिकिटं फाडली, स्वतः विमानात कधी बसले नाहीत. मुंबईहून थेट विमान आहे, जाणं शनिवार २३ ऑगस्ट, येणं रविवार ३१ ऑगस्ट.

तारखा बघून तुम्ही विचाराल की गणपतीत कशाला? लेकीची शाळा आणि आमची ऑफिसं यांची सुट्टी जुळली ती तेवढीच. माहेरचा गणपती पाळीचा आहे, यंदा धाकट्या काकांकडे. तरी बाबा अडून बसले होते, गणपतीत घर सोडून समुद्रावर जायचं म्हणजे काय म्हणून. मग कुठून तरी त्यांच्या कानावर आलं की मॉरिशसमध्ये मराठी लोक दीडशेहून जास्त वर्षं आहेत, गणपती बसवतात आणि झाकरी नाचतात. बाबा तरुणपणी आमच्या गावच्या जाखडीच्या मेळ्यात होते, पायात चाळ बांधून रात्र रात्र नाचलेले. आता रोज विचारतात, झाकरी म्हणजे आपली जाखडीच का गं?

अडचणी अशा. एजंट म्हणतो, पूर्व किनाऱ्यावरचं सगळं-समाविष्ट रिसॉर्ट घ्या आणि निवांत पडा. मला ते पटत नाहीये, पण म्हातारी माणसं बरोबर आहेत म्हणून ठाम नाहीही म्हणवत नाही. दुसरं, आईची २६ ला हरतालिका आणि २८ ला ऋषिपंचमी. बैलाच्या श्रमाचं ती काही खाणार नाही. तिसरं म्हणजे तिथला गणपती परक्या माणसाला बघायला मिळतो का? की लोकांच्या घरात घुसल्यासारखं होईल? आणि लेकीला पोहता येतं, पण तलावातलं. समुद्राचं काय?

भटकंतीवाला | १८ मे

मीनल, धागा छान काढलात. मी तीनदा जाऊन आलोय.

पहिली गोष्ट म्हणजे ऋतू उलटा. ते बेट दक्षिण गोलार्धात आहे, ऑगस्ट हा त्यांचा हिवाळा. किनाऱ्यावर दिवसा हवा सुखाची, पण मधल्या पठारावर, क्यूरपीपच्या बाजूला, गार वारा आणि भुरभुर पाऊस. आईबाबांना स्वेटर हवाच. याच महिन्यांत आग्नेयेकडून व्यापारी वारे सतत वाहतात आणि पूर्व किनारा त्यांच्या तोंडावर असतो. एजंट दाखवतो ते निळं निवांत पाणी पूर्वेला डिसेंबरात बघावं. ऑगस्टात पश्चिमेला राहा. फ्लिक-आँ-फ्लाक गावात स्वयंपाकघर असलेली घरं भाड्याने मिळतात, खाडी शांत, किनाऱ्यालगत सुरूची झाडं.

भारतीय पासपोर्टला पर्यटक व्हिसा उतरल्यावर मिळतो, फी नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग कागदावर छापून न्या. निघण्याआधी त्यांचा ऑनलाइन प्रवास अर्ज भरायचा असतो. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. त्यांचा रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांना पडतो. यूपीआय फेब्रुवारी २०२४ पासून तिथे सुरू झालंय, पण रस्त्यावरच्या गाडीवर रोखच द्यायचे.

आणि सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवस सकाळी लवकर सुरू करा, नाहीतर अर्धं बेट अंधारात बघाल.

निळासावळा | १९ मे

थोडं वेगळं मत मांडतो. आम्ही दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन गेलो होतो. त्यांचे गुडघे गेलेले. रोज गाडीत चढ-उतार, रोज नवी जागा, तिसऱ्या दिवशी त्या खोलीत बसून रडल्या. उरलेले दिवस रिसॉर्टच्या हिरवळीवर बसून समुद्र बघितला आणि तेच त्यांना आजही आठवतं. रिसॉर्ट म्हणजे पैशांचा माज नव्हे. तयार जेवण, जवळ डॉक्टर, खोलीपासून पाण्यापर्यंत चाळीस पावलं, याची किंमत वय झाल्यावर कळते. संस्कृती बघायच्या हौसेत आईला दमवू नका, एवढंच.

चिपळूणची_मीनल | १९ मे

निळासावळा, मनापासून आभार. हे कुणीतरी सांगायला हवंच होतं. आईचे गुडघे ठीक आहेत, बाबांना बीपी आहे. पण एक दिवसाआड मोकळा ठेवायचा हे तुमच्या प्रतिसादावरून आजच ठरवून टाकलं.

अनुजा_एबेन | २० मे

मी चार वर्षं मॉरिशसमध्येच, एबेनला आयटीत होते, त्यामुळे ऋषिपंचमीबद्दल मी लिहू का? कारण हा प्रश्न मला स्वतःला पडला होता, आणि उत्तर मिळालं तेव्हा बाजारात उभ्या उभ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मीनल, पोर्ट लुईच्या मध्यवर्ती मंडईत जा. नावं फ्रेंच वळणाची आहेत, पण टोपल्यांत सगळी आपली भाजी. 'ब्रेद मालबार' मागा, तो माठ. 'ब्रेद सोंज' म्हणजे अळूची पानं, आणि 'अरुय' म्हणजे अळकुड्या. 'पिपंगाय' म्हणजे दोडकं. 'पातोल' म्हणजे पडवळ, हे तर तुम्ही न सांगता ओळखाल. 'जिरोमाँ' हा लाल भोपळा. मक्याची कणसंही असतात. ऋषीच्या भाजीत आणखी काय लागतं? ज्या बोटींतून माणसं आली त्याच वाटेने हे वेलही आले असणार, असं मला तेव्हा वाटलं.

एक काळजी घ्या. बिया, ताजी फळं, भाज्या परवान्याशिवाय नेता येत नाहीत, विमानतळावर तपासणी कडक आहे. वरईचे तांदूळ आईंना हवेच असतील तर आधी विचारून घ्या आणि उतरल्यावर अर्जात जाहीर करा. लपवून नेऊ नका. बाबांची गोळ्या-औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. तीव्र वेदनाशामकं आणि झोपेच्या गोळ्यांबाबत तिथला कायदा फार कडक आहे.

राहायचं घर स्वयंपाकघराचं आणि फ्रिजचं घ्या, म्हणजे आधी घेतलेली भाजी गुरुवारपर्यंत टिकेल. भटकंतीवालांशी सहमत, फ्लिक-आँ-फ्लाकच घ्या. कास्कावेल तिथून अगदी जवळ आहे, आणि कास्कावेल हे मराठी वस्तीचं जुनं गाव.

खवय्या_वऱ्हाडी | २० मे

अनुजाताई, ही यादी मी वहीत उतरवून घेतली.

माझ्याकडून फक्त दालपुरी. आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण समजा. मऊ, पातळ, आत हळद-जिऱ्याची वाटलेली पिवळी डाळ. नेहमी जोडीने देतात, त्यावर वालासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोची रुगाय, लोणचं आणि मिरचीची चटणी, कागदात गुंडाळून. शाकाहारी माणसाला बेटभर या एका पदार्थावर फिरता येतं. 'गातो पिमाँ' म्हणजे छोटे डाळवडे, सकाळी गरम पावात घालून खातात. मंडईत 'अलुदा' प्या, दूध, सब्जा आणि अगर-अगरचे तुकडे. नूडल्स मात्र मागताना नीट विचारा, रश्शात आणि सॉसमध्ये मासा असू शकतो.

डॉ_सुहास | २१ मे

मुलीच्या समुद्राबद्दल. बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाची भिंत आहे. लाट तिथे बाहेर फुटते, आत पाणी उथळ आणि शांत. म्हणून मुलांना चांगलं. पण ही भिंत काही ठिकाणी तुटलेली आहे, आणि दक्षिणेला ग्री-ग्रीच्या बाजूला ती नाहीच. तिथे कडा बघायचा, पाण्यात पाय घालायचा नाही. भिंत जिथे तुटते तिथे ओहोटीच्या वेळी पाणी बाहेर खेचतं. कोळ्यांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरं, रबरी तळाचे पाण्यातले बूट सगळ्यांना घ्या. समुद्री साळिंदरं असतात, आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासा असतो, तिथे त्याला 'लाफ' म्हणतात. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून थेट दवाखाना गाठायचा. प्रवाळावर उभं राहू नका हे मुलीला आधीच समजावून सांगा. तो दगड नाही, जिवंत असतो.

प्रवासी_पक्षी | २२ मे

आपली माणसं, आपले सण, आपलीच भाजी. मॉरिशस म्हणजे छोटा भारतच की. आईबाबांना परदेशात गेल्यासारखं वाटणारच नाही बघा.

कास्कावेल_कन्या | २४ मे

सर्वांना नमस्कार. मी मॉरिशसची आहे. मराठी मी शाळेत आणि नंतर मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत शिकले. घरी आम्ही क्रेओल बोलतो, ती येथील फ्रेंचमधून घडलेली बोली. म्हणून माझ्या मराठीत चुका असतील तर क्षमा करा.

प्रवासी_पक्षी यांना मी नम्रपणे सांगते. 'छोटा भारत' हे प्रेमाने म्हणतात, हे मला ठाऊक आहे. परंतु माझा देश छोटा भारत नाही, माझा देश मॉरिशस आहे. माझी मैत्रीण क्रेओल आहे, तिचे पूर्वज मोझांबिक आणि मादागास्करहून गुलाम म्हणून आणले गेले. शेजारचे काका चिनी आहेत, त्यांचे दुकान आहे. आम्ही सर्व एकाच शाळेत शिकलो. तुम्ही फक्त आमच्यातला भारत शोधलात तर माझ्या मैत्रिणीला कोण भेटणार?

आमचे पूर्वज मुंबई बंदरातून जहाजाने आले. बरेच रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा या भागांतले. ऊसमळ्यांत करारावर काम केले. माझ्या आडनावाच्या शेवटी 'जी' आहे. ते खरे तर आडनाव नाही, खापरपणजोबांचे नाव आहे. कारकुनाने जे ऐकले ते लिहिले, आणि मुलांना तेच आडनाव झाले. आमच्या बऱ्याच कुटुंबांत असे आहे.

मीनलताई, तुमच्या बाबांना सांगा, होय, झाकरी म्हणजे तुमची जाखडीच. आम्ही तो शब्द असा उच्चारतो. येथे गणपती सामान्यतः दीड दिवसाचा असतो. म्हणून सरकारी सुट्टी चतुर्थीला नसून दुसऱ्या दिवशी, विसर्जनाला असते. २०२४ ला चतुर्थी ७ सप्टेंबरला आणि सुट्टी ८ ला होती. यंदा चतुर्थी २७ ऑगस्टला, सुट्टी गुरुवार २८ ला. हेन्रिएटा गावात १८९६ पासून गणपती बसतो असे आमचे लोक सांगतात.

तुम्ही विचारले की घरात घुसल्यासारखे होईल का. मंदिरात कोणीही येऊ शकते. घरचा गणपती वेगळा, तेथे बोलावणे आले तर जावे. अनेक दिवस आधीपासून आम्ही मांस-मासे सोडतो, म्हणून त्या दिवशी बाहेरून ते खाऊन येऊ नये. किनाऱ्यावरचे कपडे घालून येऊ नये. फोटो काढण्याआधी विचारावे. एवढेच. तुम्ही मला व्यक्तिगत निरोपातून संपर्क करा.

प्रवासी_पक्षी | २४ मे

ताई, तुमचं म्हणणं पटलं. मी विचार न करता लिहिलं होतं. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

अनुजा_एबेन | २५ मे

कास्कावेल_कन्या, किती नेमकं लिहिलंस. तुझ्या मैत्रिणीच्या उल्लेखावरूनच पुढे लिहिते, कारण इथे आतापर्यंत सेगाचं, म्हणजे तिथल्या क्रेओल लोकांच्या नाचगाण्याचं, नावही आलं नाही.

रिसॉर्टच्या जेवणानंतर झगमगीत घागऱ्यांत जो सेगा दाखवतात त्यावर थांबू नका. सेगा जन्मला गुलामांच्या वस्त्यांत. रावान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा मोठा डफ, वाजवण्याआधी शेकोटीवर धरून तापवतात. मारावान ही उसाच्या तुऱ्याच्या काड्यांची चपटी पेटी, आत बिया, हलवली की सळसळ होते. आणि लोखंडी त्रिकोण. नाचताना पाऊल जमीन सोडत नाही, घासत सरकतं. पारंपरिक सेगा २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला, आणि दोन वर्षांनी भोजपुरी बायकांची लग्नघरची गाणी, गीत-गवाई, तीही गेली. रविवारी दुपारी फ्लिक-आँ-फ्लाकला सुरूच्या झाडांखाली कुटुंबंच्या कुटुंबं डबे घेऊन येतात, कुणाकडे तरी रावान असतोच. कायद्याने किनारे सगळ्यांचे आहेत, रिसॉर्टपुढचेसुद्धा. तुम्ही शनिवारी पोचताय, म्हणजे पहिलाच दिवस रविवार. काही न आखता चटई टाकून बसा.

आणि ल मॉर्नला जा. ५५६ मीटरचा एकटा उभा कडा, समुद्राच्या काठावर. पळून गेलेले गुलाम त्याच्या कपारींत लपून राहत. तिथले लोक सांगतात, १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर आले, लपलेल्यांना वाटलं धरायला आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. चढाई आईबाबांना नको, पायथ्याच्या स्मारकापाशी बसलात तरी पुरे. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, म्हणजे करारावरचे मजूर जिथे उतरले तो धक्का, पाहिलात आणि ल मॉर्न नाही, तर गोष्ट अर्धीच राहते. गुलामी संपत आली म्हणून तर मळेवाल्यांना करारावरचे मजूर हवे झाले.

भटकंतीवाला | २५ मे

घाटाबद्दल थोडं. जागा लहान आहे. मोठा किल्ला वगैरे मनात धरून गेलात तर चुकेल. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' जहाजातून पहिले ३६ मजूर आले, १९२० च्या सुमारास हे थांबलं, तोवर जवळजवळ पाच लाख माणसं उतरली होती. त्यांतले बरेच तिथून पुढे गेले, काही परतले, बहुतेक राहिले. धक्क्यावरच्या सोळा पायऱ्या अजून आहेत. बाजूच्या संग्रहालयात जहाजातली जागा, मळ्यातलं जेवण, ओळखीची तिकिटं, सगळं मांडलंय. प्रवेश फुकट. रविवारी बंद. सकाळी घाट, मग मंडई, मग लेकीला जवळच्या निसर्ग संग्रहालयात डोडोचा सांगाडा. तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरात.

चिपळूणची_मीनल | २ जून

तुम्हा सगळ्यांच्या प्रतिसादांवरून बेत बसवला, बघा कसा वाटतो.

फ्लिक-आँ-फ्लाकला दोन खोल्यांचं घर घेतलं, आठही रात्री एकाच जागी. रविवार किनारा. सोमवारी पोर्ट लुई आणि भाजी. सोमवारी माएबूरचा मोठा बाजार असतो असं वाचलं, तो यात बुडतो, पण मंगळवारी आईची हरतालिका, निर्जळी उपवासात तिला मंडईत हिंडवणार नाही. त्यामुळे मंगळवार घरीच. बुधवारी कास्कावेल (कास्कावेल_कन्याने मंदिरात बोलावलंय!). गुरुवारी विसर्जन आणि ऋषिपंचमी. शुक्रवारी गाडी करून गंगा तलाव, शामारेलची रंगीत माती आणि ल मॉर्न. शनिवारी माएबूरच्या बाजूला इल-ओ-एग्रेत बेट, लेकीला गुलाबी कबुतरं आणि मोठी कासवं बघायचीत. पांप्लमूसची बाग सोडली. सगळं एका खेपेत बघायचा हट्ट नाही.

एक शंका. डॉल्फिनच्या मागे बोटीने नेतात ते करावं का?

डॉ_सुहास | २ जून

मी एकदा गेलो होतो आणि पुन्हा जाणार नाही. पहाटे विश्रांतीला आलेल्या डॉल्फिनांभोवती एका वेळी वीस बोटी, माणसं धपाधप पाण्यात उड्या टाकताहेत. ऑगस्टात कुबडे देवमासे तिकडून जातात, किनाऱ्यावरून फवारा दिसला तर तेवढं पुरे माना. इल-ओ-एग्रेतला मात्र जरूर जा. तिथलं काम खरंच मोठं आहे. मॉरिशसचा ससाणा १९७४ साली रानात अवघे चार उरले होते, तिथून तो जगवला.

निळासावळा | ३ जून

बेत चांगला बसलाय. शुक्रवार तेवढा जड वाटतो. गंगा तलाव उंचावर आहे, वारा बोचरा असतो. आधी तलाव करा, दुपारी खाली उतरून ल मॉर्नला ऊन घ्या. आणि बाबांना एक दिवस बसने न्या. तिथल्या बसमध्ये अजून वाहक असतो.

चिपळूणची_मीनल | ७ सप्टेंबर २०२५

आलो. उशिरा लिहिते आहे, आल्याबरोबर काकांकडचा अनंत चतुर्दशीपर्यंतचा गणपती होता.

शुक्रवारचा बेत निळासावळा म्हणाले तसाच केला, नाहीतर आई गारठली असती. गंगा तलावाला ढग इतके खाली आले होते की १०८ फुटांच्या शंकराचा फक्त कंबरेपर्यंतचा भाग दिसत होता. लेकीला तेच आवडलं. शामारेलची माती मला फोटोंत दिसते तेवढीच वाटली, पंधरा मिनिटांत संपते. इल-ओ-एग्रेतवर तिने कासवाला पान भरवलं नाही, कारण मार्गदर्शकाने नको सांगितलं, आणि ती त्याच्याशेजारी नुसती अर्धा तास बसून राहिली.

पोर्ट लुईला बसने गेलो. वाहकाने खांद्याला लावलेल्या छोट्या यंत्रातून तिकीट काढून दिलं आणि बाबांनी ते हातात धरून उलटंसुलटं पाहिलं. मग भोजपुरी-हिंदी-हातवारे करत दोघांचं बोलणं सुरू झालं. किती फेऱ्या, किती पगार, सुट्टे पैसे कुठून आणता. उतरताना त्याने बाबांना नमस्कार केला. नोटेवर देवनागरीत आकडा लिहिलेला बघून त्यांनी एक नोट जपून परत आणलीय.

घाटावर बाबा सोळा पायऱ्या उतरले नाहीत. वरच उभे राहिले. संग्रहालयात मजुरांचे फोटो होते, पाटी धरलेली माणसं, आई एकेका बाईचं लुगडं निरखत होती. ही आपल्याकडची असेल, ही नाही, असं हळू बोलत होती. तिथे आम्हाला दोन तास लागले.

अनुजा, तुझ्या यादीतलं सगळं मिळालं. पातोल मागितल्यावर भाजीवाल्या बाईने विचारलं, पूजा आहे का? अळू, माठ, पडवळ, दोडकं, भोपळा, मका. चिंच घरून नेली नव्हती, तिथेच मिळाली. वरई नेली नाही, आईच म्हणाली, नको तो घोळ. गुरुवारी सकाळी तिने भाजी केली आणि म्हणाली, माठ जरा कोवळा हवा होता, बाकी घरच्यासारखी. घरमालकीण, क्रेओल आहेत त्या, वास आला म्हणून डोकावल्या. त्यांना वाटीभर दिली. त्यांनी संध्याकाळी व्हॅनिलाचा चहा आणून दिला.

आता झाकरी. कास्कावेल_कन्या, तू हे वाचशीलच. बुधवारी तुमच्या मंदिरात आरती सुरू झाली, 'सुखकर्ता दुःखहर्ता', आणि चाल तीच. उच्चार थोडे वेगळे, र घशातून येणारा. बाबा म्हणत होते आणि मध्येच थांबत होते. दुसऱ्या दिवशी विसर्जनाला फ्लिक-आँ-फ्लाकच्या वाळूवर रिंगण धरलं गेलं. ढोलकी, झांजा, मध्ये गाणारे. पहिली दहा मिनिटं बाबा लांब उभे, हात मागे बांधून. पावलं बघत होते. मग मला म्हणाले, गिरकी आपल्यापेक्षा अलीकडे घेतात. मग पुन्हा गप्प. तिसऱ्या गाण्याला त्यांच्यातल्या एका आजोबांनी, बाबांच्याच वयाचे असतील, बाबांकडे बघून हात पुढे केला. भाषा एकमेकांची पुरती कळत नव्हती. बाबा चप्पल काढून आत गेले.

बीपीची गोळी त्यांनी सकाळी घेतली होती, डॉक्टर सुहास, तुम्ही विचारायच्या आधीच सांगते. दोन गाणी नाचले. गिरकी चुकली, आजोबांनी दंडाला धरून वळवलं.

मी व्हिडिओ काढला नाही. आधी विचारायला हवं होतं, आणि विचारायला त्या वेळी सुचलं नाही.

कास्कावेल_कन्या | ८ सप्टेंबर

मीनलताई, त्या आजोबांनी काल मला विचारले की चिपळूणचे ते पाहुणे पोहोचले का. त्यांनी तुमच्या बाबांकडून एक ओळ ऐकली होती, ती त्यांना आवडली. परंतु शब्द लक्षात राहिले नाहीत. ती लिहून पाठवाल का? देवनागरीत लिहा, मी त्यांना क्रेओलमध्ये अर्थ सांगेन.

चिपळूणची_मीनल | ८ सप्टेंबर

बाबांना विचारलं. ते वही घेऊन बसलेत, म्हणतात एक ओळ नाही, अख्खं गाणं पाठवतो. आज संध्याकाळी निरोपात टाकते.

खवय्या_वऱ्हाडी | ९ सप्टेंबर

पुढच्या वर्षी आम्ही जातोय. एक विचारायचं होतं, त्या घरात भांडी काय काय होती? बायको पोळपाट-लाटणं न्यायचं म्हणते.

चिपळूणची_मीनल | ९ सप्टेंबर

पातेली, तवा, कढई सगळं होतं. लाटणं होतं, पोळपाट नव्हता. आम्ही ओट्यावर लाटल्या. कुकर नाही, तो लागत असेल तर न्या. आणि किसणी न्या.